ब्रेक लागतो, पण सुटत नाही

जुन्या गाडीच्या ब्रेकविषयी तक्रार करताना माणसे बहुधा एकाच बाजूने बोलतात: ब्रेक उशिरा लागतो, पेडल खाली जाते, गाडी थांबायला अंतर घेते. याच्या नेमकी उलट तक्रार, म्हणजे पाय उचलल्यावरही ब्रेक थोडासा धरूनच राहतो, ही मात्र कित्येक महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. कारण गाडी वेळेवर थांबते, आणि जी गाडी वेळेवर थांबते तिचे ब्रेक चांगले असे आपण गृहीत धरतो. आमच्या घरच्या जुन्या डिझेल पिकअपच्या बाबतीत हेच झाले. सांवेरकडच्या शेतातला बटाटा आणि लसूण इंदूरच्या चोइथराम मंडीत पोचवायचा आणि परतताना खत, बियाणे किंवा एखाद्या नातेवाइकाचे कपाट-पलंग आणायचे, एवढेच या गाडीचे काम. पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी), मागे ड्रम (चाकाबरोबर फिरणारा डबा), पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर, आणि एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, अशी जुन्या पद्धतीची साधी रचना. डिझेल जास्त लागू लागले तेव्हा संशय आधी पंपावर गेला, मग फिल्टरवर, मग टायरमधल्या हवेवर. ब्रेकवर कोणाचाच गेला नाही.

लक्षणे मात्र रोज डोळ्यांसमोर होती. राजेंद्रनगरात आमच्या घराकडे येणाऱ्या रस्त्याला शेवटी किंचित उतार आहे. तिथे न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी पूर्वी फाटकापर्यंत सहज येत असे, ती आता अर्ध्यावरच थांबू लागली होती. डाव्या पुढच्या चाकाच्या रिमवर काळी भुकटी उजव्यापेक्षा उघडच जास्त जमत होती. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरले तर गाडी डावीकडे ओढत होती. लांबची फेरी करून उतरले की पुढच्या चाकाशी जळका, नाकात चढणारा वास येत असे. एका वर्कशॉपमध्ये पुढचे, डिस्कला दाबून धरणारे पॅड बदलून दिले गेले आणि नवे पॅडही त्याच जोमाने झिजू लागले, तेव्हा मी गाडी घरी उभी करून स्वतःच तपासायला घेतली.

हे घासणे किती महागात पडते याचा अंदाज साध्या गणिताने येतो. समजा, एका चाकाचा अडकलेला ब्रेक गाडीला फक्त १०० न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलो वजनाइतक्या जोराने मागे ओढतो आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. म्हणजे त्या चाकात सतत जवळजवळ १,६७० वॉट उष्णता तयार होत राहते. न्हाणीघरातला गीझर बहुधा २,००० वॉटचा असतो; तेव्हा गाडी धावते आहे तोवर चाकाच्या आत जवळपास एक गीझर चालू आहे आणि त्याचे बिल डिझेलच्या टाकीतून भरले जाते आहे, असे समजायला हरकत नाही.

केवळ डिझेलचा प्रश्न असता तर एक वेळ चालले असते. पण ही उष्णता पॅडमधून त्याला ढकलणाऱ्या पिस्टनकडे आणि पिस्टनमधून ब्रेक ऑइलकडे जाते. डॉट ३ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू मानकानुसार किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो आणि डॉट ४ चा किमान २३०. पण हे ऑइल हवेतले पाणी शोषून घेते, आणि त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की हेच किमान आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतात. ऑइल उकळले की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय ठेवताच पेडल खालपर्यंत जाते. म्हणजे जो ब्रेक सुटत नव्हता तोच शेवटी लागेनासा होतो. आग्रा-मुंबई रस्त्यावर राऊहून खलघाटकडे जाताना लागणाऱ्या गणपती घाटात ब्रेक निकामी झाल्याच्या बातम्या इंदूरकरांनी वर्षानुवर्षे वाचल्या आहेत. त्या सगळ्यांचे कारण एकच असणार नाही. जड माल आणि खालचा गिअर टाकण्याचा आळस यांचाही त्यात मोठा वाटा असतो. पण उतार सुरू होण्याआधीच चाक तापलेले असेल तर ड्रायव्हरच्या हाती उरलेली सवलत फारच थोडी असते, हे मात्र खरे.

आता दोष शोधण्याकडे वळतो. माझी नोकरी पिथमपूरच्या एका कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसची देखभाल करण्यात गेली. तिथे पहिल्याच वर्षी वरिष्ठांनी डोक्यात पक्के बसवले होते की सिलिंडर मागे येत नसेल तर पंपाकडे धावायचे नाही, ऑइल टाकीकडे ज्या वाटेने परतते ती वाट पाहायची. गाडीच्या ब्रेकलाही हेच लागू आहे. ब्रेक लावताना पायाचा जोर असतो, पेडलची तरफ असते, वर बूस्टरची मदत असते. वाटेत लहानसा अडथळा असला तरी एवढा दाब तो पार करतो. सुटताना यातले काहीच नसते. डिस्कच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या भागात, पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंगसुद्धा नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी सील असते, ती पिस्टन पुढे सरकताना त्याच्याबरोबर किंचित वाकते, आणि दाब गेल्यावर पुन्हा सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या अगदी लहान अंशाने मागे घेते. पॅड आणि डिस्क यांच्यातली मोकळीक एवढ्यावरच अवलंबून आहे. मागच्या ड्रममध्ये त्याला आतून घासणाऱ्या शूंना ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात खऱ्या, पण त्यांचाही जोर मर्यादितच असतो. म्हणून ब्रेक धरून राहतो तेव्हा कारणे दोनच जातींची असतात: एक तर ऑइलचा दाब कुठेतरी कोंडला गेला आहे, नाहीतर दाब गेला आहे पण लोखंडाचा एखादा भाग गंजाने किंवा चिखलाने अडकून परत येत नाही. हे दोन प्रकार वेगळे करण्याआधी पॅड, कॅलिपर, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल पाइपांत ढकलणारा) असे एकेक सामान बदलत जाणे म्हणजे पैसे खर्चून अंदाज बांधणे होय.

पहिली अडचण अशी की सकाळी थंड गाडी जॅकवर उचलली तेव्हा पुढची दोन्ही चाके हाताने निमूट फिरली. बहुतेक मेकॅनिक इथेच ‘काही नाही’ म्हणून गाडी परत देतात. पण थंड असताना मोकळे आणि तापल्यावर घट्ट, हीच एक महत्त्वाची खूण आहे, आणि ती तपासायची तर गाडी तापवूनच तपासायला हवी. म्हणून बायपासवर बरीच मोठी फेरी मारली, ब्रेक होता होईल तो वापरला नाही, आणि घरी येताना शेवटचे अंतर गाडी गिअरवरच हळू करत आणली. मग इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाके पाहिली. या उपकरणाविषयी एक सावधगिरी सांगतो: चकचकीत धातूवर ते खोटे कमी तापमान दाखवते. डिस्कच्या घासलेल्या आरशासारख्या भागावर न धरता तिच्या गंजलेल्या कडेवर किंवा ड्रमच्या काळ्या पडलेल्या पृष्ठभागावर ते धरावे, आणि आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक पाहावा. थर्मामीटर नसेल तर पाण्याचे थेंब टाकून कोणत्या चाकावर ते आधी उडतात हे पाहिले तरी चालते. हात मात्र लावू नये. तापलेला भाग डिस्क नसून मधला हब असेल आणि चाक वर-खाली हलवताना खेळत असेल, तर दोष ब्रेकचा नसून बेअरिंगचा असण्याची शक्यता मोठी.

आमच्या गाडीत चित्र गुंतागुंतीचे निघाले. डावे पुढचे चाक भाजून निघाले होते. उजवे पुढचे त्याच्यापेक्षा बरेच कमी, पण ब्रेक न वापरता जेवढे असावे त्यापेक्षा निश्चित जास्त. मागे उजवा ड्रम डाव्यापेक्षा गरम. एकाच दोषाने हे तिन्ही स्पष्ट होत नव्हते, तेव्हा दोष एकाहून अधिक आहेत असे धरूनच पुढे गेलो.

गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना गुटके लावून, पुढचा भाग जॅकने उचलून चासीखाली दोन घोड्या (लोखंडी टेकू) दिल्या. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली शिरू नये, हे पुन्हा सांगायला लागू नये. पण आपल्याकडे रस्त्याच्या कडेला रोज जे दिसते ते पाहून सांगावेसे वाटते. चाके तापलेलीच होती आणि आता पुढची दोन्ही हाताने फिरवायला जोर लागत होता. इंजिन बंद ठेवून पेडल अनेकदा दाबले, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपला. चाके तशीच घट्ट राहिली. म्हणजे बूस्टरची झडप अडकून तो स्वतःहून ब्रेक लावत नव्हता. पेडल वरपर्यंत परत येते आहे, ब्रेक लाइटचा स्विच त्याला मध्येच अडवत नाही, आणि पायाला सुरुवातीची मोकळी चाल जाणवते आहे, हेही पाहून घेतले. हा स्विच चुकीच्या जागी आवळला गेला तर तोच पेडलला थोडे खाली दाबून धरतो, आणि या फुकटच्या दोषासाठी लोकांनी मास्टर सिलिंडर बदललेले मी पाहिले आहेत.

यानंतरची चाचणी मला सगळ्यात उपयोगाची वाटते. मास्टर सिलिंडर बूस्टरला ज्या दोन नटांनी जोडलेला असतो ते नट सैल केले, पाइप एकही न सोडवता सिलिंडर हाताने काही मिलिमीटर पुढे ओढला, आणि पुन्हा चाके फिरवून पाहिली. उजवे चाक लगेच मोकळे झाले. डावे होते तसेच राहिले. या एका कृतीने दोन्ही चाकांच्या दुखण्यांची फारकत झाली.

उजव्या चाकाचा अर्थ असा. मास्टर सिलिंडरमध्ये त्याच्यावरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतून येणारे एक बारीक छिद्र असते. पेडल पूर्ण सुटलेले असताना पिस्टनवरचा रबरी कप या छिद्राच्या मागे असतो, त्यामुळे पाइपांतले ऑइल तापून फुगले तर ते टाकीत परत जाऊ शकते. बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधला दांडा गरजेपेक्षा जरासा लांब असला, तर पिस्टन शेवटपर्यंत मागे येत नाही आणि कप त्या छिद्रावरच बसून राहतो. गाडी थंड असताना काही कळत नाही. धावताना ऑइल तापते, फुगते, जायला वाट नाही म्हणून दाब वाढतो, दाबाने पॅड डिस्कवर टेकतात, त्याने आणखी उष्णता, त्याने आणखी दाब. नट सैल करताच पिस्टनला मागे यायला जागा मिळाली, छिद्र उघडले आणि दाब गेला. आमच्या गाडीचा बूस्टर पावसाळ्याआधी बाहेर बदलून घेतला होता. नव्या बूस्टरच्या दांड्याची लांबी जुन्याशी ताडून पाहिली गेली नव्हती, हे त्यावरून स्पष्ट झाले.

याची खात्री डोळ्यांनी करता येते. नट पुन्हा आवळून, टाकीचे झाकण काढून, टॉर्चचा झोत आत टाकला आणि भाच्याला पेडल अगदी बोटभर, हळूच हलवायला सांगितले. छिद्र मोकळे असेल तर पेडल हलताच, कप त्या छिद्राला ओलांडण्याआधी, थोडे ऑइल उलटे वर येते आणि टाकीच्या तळाशी एक लहानसा उमाळा दिसतो. आमच्या टाकीत ऑइल निश्चल होते. एबीएस असलेल्या नव्या गाड्यांत मास्टर सिलिंडरची रचना पुष्कळदा वेगळी असते, तेव्हा ही खूण तिथे धरून चालू नये.

दांड्याचे माप घ्यायला मुलांच्या खेळातली क्ले फार उपयोगी पडते. मास्टर सिलिंडर पुढे ओढून पिस्टनच्या खोबणीत तिची लहान गोळी ठेवली, सिलिंडर पुन्हा बसवून नट आवळले, परत काढला आणि दबलेल्या क्लेची जाडी पाहिली. दांड्याच्या टोकाने ती जवळजवळ पूर्ण भेदून टाकली होती. मोकळीक नावालाही नव्हती. टोकाचा स्क्रू फिरवून कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली मोकळीक ठेवली. ती मिलिमीटरच्या अंशांतच असते, आणि माप बूस्टरमध्ये व्हॅक्यूम असताना घ्यायचे की नसताना हेही मॅन्युअल सांगते, तेव्हा ते वाचल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये. मोकळीक फार ठेवली तर पेडल उगाचच खोल जाऊ लागते. काही ठिकाणी यावर मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्यामध्ये वॉशर घालण्याचा तोडगा करतात. तो मला मान्य नाही. त्या जोडाला हवाबंद राहायचे असते, आणि तिथून व्हॅक्यूम गळू लागला की ब्रेक दगडासारखा कडक होतो. स्क्रू बसवल्यावर टाकीत टॉर्च टाकून पाहिले तेव्हा पेडलच्या पहिल्याच हालचालीबरोबर उमाळा स्पष्ट दिसला.

राहिले डावे पुढचे चाक. इथे दाब कुठे कोंडला आहे हे शोधण्यासाठी जोड वरून खाली, एकेक करत सोडायचे असतात. आधी चासीवर जिथे लोखंडी पाइप संपून रबरी होज सुरू होतो तो नट किंचित सैल केला. दोन-चार थेंब गळले, चाक हलले नाही. तो आवळून कॅलिपरवरचा निप्पल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायचा लहान स्क्रू, थोडा उघडला, तेव्हा ऑइलची बारीक पिचकारी उडाली आणि चाक त्याच क्षणी मोकळे झाले. वरच्या टोकाला दाब नाही, खालच्या टोकाला आहे. मग दोष या दोहोंच्या मधल्या होजमध्येच असणार. निप्पल उघडूनही चाक सुटले नसते तर दोष दाबाचा नसून पिस्टनचा किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांचा ठरला असता.

काढलेला होज बाहेरून पाहणाऱ्याला चांगलाच वाटला असता. रबर तडकलेले नव्हते, कुठे फुगवटा नव्हता, गळती नव्हती. पण त्याला मध्यावर धरून ठेवणारी जी लोखंडी पट्टी असते तिच्या आत गंजाच्या खपल्या थरावर थर चढल्या होत्या. माळव्याची काळी माती ज्यांच्या गाडीला लागते त्यांना हे समजावून सांगायला नको. पावसाळ्यात ती चासीखाली कोपऱ्याकोपऱ्यांत बसते, दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवते, आणि तिच्याखाली लोखंड निवांत गंजत राहते. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेते. बाहेरून पट्टी पक्की असल्याने त्या खपल्यांनी आतल्या बाजूला वाढत होजच आवळला होता. ब्लेडने होज उभा चिरून पाहिला तेव्हा पट्टीखालचे भोक इतके चेपलेले होते की टाचणी घालायला कष्ट पडले असते. पायाच्या दाबाने ऑइल यातून पलीकडे जात होते, पण सीलच्या क्षीण ओढीने ते परत येणे शक्य नव्हते. काही होजांत हेच आतले अस्तर सुटून त्याचा पापुद्रा एकेरी झडपेसारखा वागतो, परिणाम तोच.

होज दोन्ही बाजूंचे बदलले. एका वयाचे रबर एकाच चिखलात वाढले असेल तर दुसऱ्याची वाट पाहण्यात शहाणपण नाही. देवास नाक्याकडच्या दुकानांत स्वस्त नक्कल मागितल्याशिवायही पुढे केली जाते. मी पाकिटावरची आणि होजवरची छाप, बनावटीची तारीख हे सगळे पाहूनच घेतले, आणि दुकानदाराने “भिया, ब्रेक का मामला है, ओरिजनलच ले जाओ” असे स्वतःहून म्हटले याचे बरे वाटले. बसवताना तांब्याचे वॉशर नवे घालावेत. होजवर लांबीच्या दिशेने एक रेघ छापलेली असते. ती सरळ राहिली पाहिजे, फिरली असेल तर होजला पीळ पडला आहे. शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून होज ताणला जात नाही आणि टायरला घासत नाही, हे पाहावे.

कॅलिपर उघडाच होता, तेव्हा त्याच्या सरकपिनाही काढल्या. तरंगत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो आणि संपूर्ण कॅलिपर या पिनांवर सरकून दुसरा पॅड टेकवतो; पिना अडकल्या तर एक पॅड संपतो आणि दुसरा तसाच राहतो. आमच्या खालच्या पिनेचे रबरी बूट फाटले होते आणि आत ग्रीसऐवजी तपकिरी पेस्ट होती. पिन घासून साफ केली, बूट नवे लावले आणि ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस भरले. इथे चाकाच्या बेअरिंगचे साधे ग्रीस लावण्याची पद्धत सर्रास दिसते. ते खनिज तेलाचे असते, ब्रेकचे रबर त्याने फुगते, आणि फुगलेल्या रबरात पिन पुन्हा अडकते. पिस्टन शिकंजाने मागे ढकलताना निप्पल उघडा ठेवून त्याला नळी लावली, म्हणजे कॅलिपरमधले घाण ऑइल वर मास्टर सिलिंडरकडे न जाता बाहेर आले. पिस्टन गुळगुळीत होता. त्यावर गंजाचे खड्डे असते तर पॉलिश पेपरने घासून उपयोग नव्हता. खड्डा सीलखाली आला की एक तर गळती होते, नाहीतर पिस्टन अडकतो. डिस्कची जाडी कडेवर कोरलेल्या किमान मापाच्या वर होती, एवढे मोजून ती ठेवली.

मागच्या उजव्या ड्रमने मात्र वेगळाच खेळ केला. निप्पल उघडूनही तो सुटला नाही. म्हणजे हे दाबाचे काम नव्हते. हँडब्रेकची केबल मध्यावरच्या समतोल पट्टीशी पूर्ण ढिली केली, तरीही फरक नाही. ड्रम काढायला बराच वेळ गेला, कारण झिजलेल्या ड्रमच्या काठावर जी कंगोरेदार कड उरते तिच्यात शू अडकतात आणि आधी अॅडजस्टर (शू ड्रमच्या जवळ-दूर करणारा भाग) मागे घ्यावा लागतो. आत पाहिले तर हँडब्रेकची तरफ शूच्या कण्याशी टेकलेली नव्हती, मध्येच थांबली होती. केबल आपल्या आवरणात गंजून बसली होती: ओढली की पुढे येत होती, सोडल्यावर परत जात नव्हती. तिच्यात तेल सोडून काही दिवस ढकलता येतात, पण पुढच्या पावसात पुन्हा तेच; म्हणून केबल नवीच घातली. शू ज्या उंचवट्यांवर सरकतात तिथे पाठीच्या पत्र्यावर चरे पडले होते, ते कानशीने सपाट करून उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पुसट हात दिला. जुन्या शूंच्या भुकटीत अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती कॉम्प्रेसरच्या हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसली. बसवताना क्रम असा ठेवावा की आधी शू ड्रमशी जुळवायचे आणि मग केबलची ओढ ठरवायची. उलटे केले, म्हणजे झिजलेल्या शूंची कसर केबल आवळून भरून काढली, तर तरफ कायम ओढलेलीच राहते आणि ब्रेक धरून राहण्याची सोय आपणच करून ठेवतो.

चारही चाके आणि मास्टर सिलिंडर एकाच वेळी अडकल्यासारखे वागत असतील तर एक शंका आधीच फेडून घ्यावी: कोणी टाकीत ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे ऑइल तर ओतले नाही ना? ब्रेकच्या सीलचे रबर खनिज तेलात फुगते आणि तेच बारीक छिद्र झाकून टाकते. टाकीच्या झाकणातली रबरी चकती फुगून वेडीवाकडी झाली असेल तर उत्तर मिळाले. मग पाइप धुऊन रबराचा प्रत्येक भाग बदलण्याला पर्याय नाही. आमची चकती सपाट होती.

शेवटी ऑइल बदलणे आणि एअर काढणे. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे असल्याने सगळ्यात लांबचे चाक मागचे डावे. तिथून सुरुवात केली, मग मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. भाचा पेडलवर बसला. “दाबलं, मामा,” तो म्हणाला की निप्पल उघडायचा, “खाली टेकलं,” म्हणाला की तो बंद करायचा, आणि मग मी “सोड” म्हणेपर्यंत त्याने पाय उचलायचा नाही. तो उतावळा नाही, म्हणून हे काम त्याच्याकडे दिले. निप्पल उघडा असताना पाय सुटला तर काढलेली हवा परत आत ओढली जाते. पहिले ऑइल काळ्या चहासारखे आले आणि बऱ्याच वेळाने सोनेरी झाले. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालते. दोन्ही एकाच कुळातली आहेत. सिलिकॉनचे डॉट ५ मात्र यात मिसळू नये, आणि डॉट ५.१ हे नाव जवळचे असले तरी ते ग्लायकोलचे, म्हणजे पहिल्या दोघांच्या कुळातले आहे, हा गोंधळ दुकानातही होतो. बाटली सीलबंद घ्यावी आणि उरलेले ऑइल पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नये. रंगावर सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुवावे. नाहीतर रंग उतरतो.

सगळे बसल्यावर बायपासची तीच फेरी पुन्हा केली, ब्रेक न वापरता गिअरवर गाडी हळू केली आणि थर्मामीटर धरले. पुढची दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि नुसती कोमट होती. मागच्या दोन्ही ड्रमांत सांगण्याजोगा फरक नव्हता. मग मोकळ्या जागी ब्रेक जोरात लावून, सोडून, गाडी सरळ थांबते हे पाहिले. घाटात माल घेऊन न जाता आधी रिकाम्या गाडीने आठवडाभर गावातच चालवावी, रोज टाकीतली पातळी पाहावी आणि नव्या जोडांवर ओल आहे का हे बोटाने तपासावे, असे मी घरात सर्वांना सांगून ठेवले. मागच्या अॅक्सलजवळ मालाच्या वजनाप्रमाणे मागचा दाब कमीजास्त करणारा जो व्हॉल्व्ह असतो त्याला यात हात लावलेला नाही. त्याची दांडी हलती आहे आणि तिथे गळती नाही. पण तिचे माप ठराविक वजन ठेवून, प्रेशर गेज लावूनच तपासायचे असते, आणि तसे गेज असलेल्या वर्कशॉपकडे ते काम बटाट्याचा हंगाम संपल्यावर देणार आहे.